बर्लिनालेचं अस्वल आणि पोस्टर

बर्लिनाले हा बर्लिन शहराचा आंतरराष्ट्रीय फिल्म फेस्टिवल. १९५१ साली पश्चिम बर्लिनमध्ये सुरू झाला, आधी उन्हाळ्यात भरायचा, १९७८ पासून फेब्रुवारीच्या कडाक्याच्या थंडीत भरतो. त्याची ओळख म्हणजे अस्वल. लोगोत अस्वल, ट्रॉफी म्हणजे अस्वल, आणि पोस्टरवरही अस्वल पुन्हा पुन्हा येतं.

हे अस्वल फेस्टिवलवाल्यांनी नव्याने शोधून काढलेलं नाही. बर्लिनच्या राजचिन्हावरच ते आहे, शहराच्या १२८० च्या शिक्क्यातही अस्वलं दिसतात. ट्रॉफीचं मूळ शिल्प रेने सिन्टेनिस या शिल्पकार बाईंचं, १९३२ सालचं, आणि पहिल्या फेस्टिवलपासून ते नोआकच्या ओतशाळेत ब्राँझमध्ये ओतलं जातं. १९६० साली अस्वलाचा वर केलेला हात बदलला, उजव्याच्या जागी डावा आला, पण बाकी ढब तीच राहिली.

आता पोस्टरचं बघू. फेस्टिवलचं पोस्टर सिनेमाच्या पोस्टरपेक्षा अवघड काम आहे कारण दाखवायला हिरो नाही, कथा नाही, कुठले सिनेमे येणार ते डिझायनर कामाला बसतो तेव्हा पूर्ण ठरलेलंही नसतं. एकच चित्र घेऊन शहराला सांगायचं की हे दिवस आले. भिंतीवर मोठं लागलं तरी आणि मोबाईलवर अंगठ्याएवढं झालं तरी कळलं पाहिजे. प्राणी इथे कामाला येतो, त्याची नुसती बाह्यरेषा पुरते, भाषा लागत नाही.

माझ्या मते याचं सगळ्यात सुंदर उदाहरण २०१६ च्या पोस्टरचं. वेल्वेट या स्विस एजन्सीने अस्वलाला लोगोतून बाहेर काढलं आणि सरळ बर्लिनमध्ये मोकळं सोडलं, जिवंत वाटणारं, केसाळ, भलंमोठं अस्वल आणि आजूबाजूला रोजचं शहर. मजकूर अगदी थोडा, फेस्टिवलचं नाव आणि तारखा, बास. एक नाही, अख्खी मालिका केली, आणि पुढची दोन वर्षं अस्वलं अशीच फिरत राहिली. मग २०१९ ला माणसंच अस्वलाचा पोशाख घालून उभी, डोकं काढून हातात घेतलेलं, आत कोण आहे ते दिसतंय.

यात एक गोष्ट मनाला लागते. बर्लिनच्या कोलनिशर पार्कमध्ये १९३९ पासून शहराची खरी अस्वलं बंदिस्त जागेत ठेवलेली असायची, त्यातली शेवटची, श्नूटे नावाची, ऑक्टोबर २०१५ मध्ये मरण पावली. आणि काहीच महिन्यांनी पोस्टरवरची अस्वलं रस्त्यावर आली. दोन्हींचा संबंध कोणी मुद्दाम जोडला असं नाही, पण बर्लिनकरांनी ती पोस्टरं बघितली असतील तेव्हा ती जागा नुकतीच रिकामी झालेली होती.

बाकी शहरांचंही असंच आहे. व्हेनिसचा सिंह संत मार्कचा, म्हणजे शहराचाच. लोकार्नोला बिबट्या, त्याचे पिवळे-काळे ठिपके सगळीकडे. रॉटरडॅमला वाघ, तो मात्र शहराचा नाही, फेस्टिवलने स्वतःचा म्हणून घेतला आणि रुजवला. आपल्याकडे इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय फिल्म फेस्टिवल, २००४ पासून गोव्यात भरतो पण मोर त्याआधीपासूनचा, त्याचा सुवर्णमयूर पुरस्कार १९६५ चा, म्हणून तो देशाचा वाटतो, गोव्याचा वाटत नाही. गोव्याचा राज्यप्राणी गवा आहे, एखाद्या वर्षी पोस्टरवर त्याला जागा द्यायला काय हरकत आहे असं मला मनापासून वाटतं.

बर्लिनचं अस्वल मराठी माणसांच्या हातीही आलंय. व्ही. शांतारामांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ला १९५८ मध्ये रौप्य अस्वल मिळालं, आणि २०१४ मध्ये अविनाश अरुणच्या ‘किल्ला’ला मुलांच्या ज्युरीने काचेचं अस्वल दिलं.