कुलूप सरकारी कागदाला, लोकांची माहिती उघड्यावर : एक पार्श्वभूमी

सोलापुरात जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आसपास झेरॉक्सची जी दुकाने आहेत, त्यांतल्या एका दुकानात गेल्या उन्हाळ्यात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी प्रती काढायला मी थांबलो होतो. पैशांचा हिशेब करताना दुकानदाराने गठ्ठ्यातला एक पाठकोरा कागद ओढला, त्यावर बेरीज मांडली आणि तो कागद माझ्या हातात दिला. घरी आल्यावर तो उलटून पाहिला, तर मागे कोणा बाईंच्या आधार कार्डाची फिकट, वाया गेलेली प्रत होती : नाव, जन्मतारीख, पेठ, घर क्रमांक आणि बारा आकडे. कागद फुकट जाऊ नये एवढाच दुकानदाराचा हेतू होता. परंतु त्याच रस्त्यावरच्या कचेरीत ज्या फायलीवर ‘गोपनीय’ असा शिक्का असतो, ती कुलपात राहते, आणि ज्या कायद्याच्या धाकाने अशी गुप्तता पाळली जाते तो शंभर वर्षांहून जुना आहे. सरकारच्या माहितीला एवढे संरक्षण आणि त्या बाईंच्या माहितीला काहीच नाही, हा फरक संगणकाने निर्माण केलेला नाही. तो संगणकाच्या आधीपासून चालत आलेला आहे, आणि आज माहिती-सुरक्षेविषयी सरकार आणि सैन्य जे निर्णय घेतात ते समजून घ्यायचे तर सुरुवात तिथूनच करावी लागते.

१८८५ च्या भारतीय तार कायद्याने सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेच्या कारणावरून तारा अडवण्याचा आणि वाचण्याचा अधिकार सरकारला दिला. १८९८ च्या टपाल कायद्याने पत्रांच्या बाबतीत तेच केले. १९२३ मध्ये शासकीय गुपिते अधिनियम आला आणि सरकारकडची माहिती बाहेर नेणे हा गंभीर गुन्हा ठरला. या तिन्ही कायद्यांना एकत्र ठेवून पाहिले की दिशा स्पष्ट होते. लोकांचे बोलणे सरकारला ऐकता आले पाहिजे, सरकारचे बोलणे लोकांना ऐकू जाता कामा नये. परकी सत्तेला असे वाटले यात आश्चर्य नाही. खेदाची गोष्ट ही की स्वातंत्र्यानंतर तार कायदा २०२३ च्या दूरसंचार कायद्यापर्यंत टिकला आणि १९२३ चा कायदा आजही लागू आहे.

सोलापूरकरांना या विषयाचे अधिक जवळचे उदाहरण शहरातच सापडते. ‘सेटलमेंट’ हे नाव आपण रिक्षावाल्याला पत्ता सांगताना सहज उच्चारतो, पण ते गुन्हेगार जमाती कायद्याखाली उभारलेल्या, काटेरी तारांनी वेढलेल्या वसाहतीचे नाव आहे. १८७१ चा हा कायदा १९११ च्या नव्या कायद्याने अधिक कडक झाला आणि मुंबई इलाख्यातील मोठ्या वसाहतींपैकी एक सोलापुरात वसली. तिथल्या स्त्री-पुरुषांना शहरातल्या गिरण्यांत कामाला पाठवले जाई, ठरल्या वेळी हजेरी घेतली जाई आणि परवानगीवाचून कुणाला बाहेर राहता येत नसे. नोंदणी केलेल्या व्यक्तीच्या बोटांचे ठसे केव्हाही घेण्याचा अधिकार १९११ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्याला दिला होता. त्या माणसाने काही केले आहे की नाही, हा प्रश्न नव्हता. तो कुठल्या जमातीत जन्मला एवढी नोंद पुरेशी होती, आणि ती जमात गुन्हेगार असल्याच्या अधिसूचनेविरुद्ध न्यायालयात जाण्याची वाटही कायद्यानेच बंद केली होती. माणसाची माहिती गोळा करून, तिचे रजिस्टर बनवून, त्या रजिस्टरच्या आधाराने त्याचे येणे-जाणे आणि पोट ताब्यात ठेवण्याची ही पद्धत आपल्या शहरात कित्येक वर्षे रोज चालली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभरात तो कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या जाऊ लागल्या. माहिती म्हणजे निरुपद्रवी आकडे असे कुणी म्हणाले की मला ते हजेरीपुस्तक आठवते, आणि हा लेख लिहिण्याचे खरे कारणही तेच आहे.

संगणक भारतीय सत्तेच्या विचारात आला तो मात्र दुसऱ्या दाराने. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला ‘टिफ्रॅक’ १९६० मध्ये औपचारिकपणे कार्यान्वित झाला, पण तो शास्त्रज्ञांचा संगणक होता. १९६२ च्या चीन युद्धातील पराभवाने सरकारला इलेक्ट्रॉनिक्सकडे संरक्षणाची गरज म्हणून पाहायला लावले. १९६३ मध्ये होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिचा अहवाल १९६६ मध्ये आला, हैदराबादचे इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन १९६७ मध्ये निघाले आणि १९७० मध्ये केंद्रात इलेक्ट्रॉनिक्सचा स्वतंत्र विभाग झाला. १९७८ मध्ये आयबीएम या अमेरिकी संगणक कंपनीने भारत सोडला. या सगळ्या काळात चिंता होती ती यंत्र कुणाच्या हातात आहे याची. यंत्रात कुणाची माहिती जाणार आहे, हा प्रश्न अजून कुणी विचारला नव्हता.

यंत्राची ही चिंता रास्त होती, हे १९८० च्या दशकात दिसले. हवामान अंदाजासाठी भारताने अमेरिकेकडे क्रे कंपनीचा महासंगणक मागितला तेव्हा मागितलेला नव्हे, त्याहून कमी ताकदीचा संगणक मिळाला, आणि तोही वापरावर कडक अटी लादून, कारण त्याचा उपयोग अण्वस्त्रे व क्षेपणास्त्रांसाठी होईल अशी शंका तिथे होती. यातून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेची स्थापना झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. आपण मराठी माणसे ही कथा अभिमानाने सांगतो आणि ती सांगण्यासारखीच आहे. तिच्यातून सरकारी मनात पक्का बसलेला धडा मात्र एकच होता, की सुरक्षा म्हणजे स्वदेशी यंत्र.

त्याच सुमारास कचेऱ्यांमध्ये दुसरे काम चालू होते. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने ‘निकनेट’च्या जाळ्याने जिल्ह्याची ठिकाणे जोडली, आणि पुढे जमिनीचे उतारे, शिधापत्रिका, मतदार याद्या असे सगळे संगणकात गेले. तलाठ्याच्या हस्ताक्षरातला सातबारा मिळवायला माणसाला चावडीवर जावे लागे. आज तो कुठूनही काढता येतो. शेतकऱ्याचे हेलपाटे वाचले, हे मोठेच काम झाले. पण जो कागद एका वेळी एकच माणूस पाहू शकत होता, तो आता एका वेळी हजारो जणांना पाहता येतो, ही गोष्ट त्या योजना आखताना कुणी फारशी मनावर घेतली नाही.

मे १९९८ मधील पोखरणच्या चाचण्यांनंतर पुढच्याच महिन्यात ‘मिल्वर्म’ नावाच्या परदेशी तरुणांच्या गटाने भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संगणकांत शिरून ईमेल पळवले. दूर देशी बसलेली मुले अणुकेंद्राच्या कपाटापर्यंत पोहोचू शकतात, हे तेव्हा प्रथमच उघडपणे दिसले. पुढच्या वर्षी कारगिल युद्धात चित्र उलटे होते : पाकिस्तानचे लष्करप्रमुख जनरल मुशर्रफ आणि त्यांचे सहकारी यांच्यातील दूरध्वनी संभाषण भारतीय यंत्रणेने टिपले आणि ११ जून १९९९ रोजी ते जगापुढे ठेवले. युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीने हेरमाहितीतील उणिवा दाखवल्या, आणि २००४ मध्ये तांत्रिक हेरगिरीसाठी एनटीआरओ ही संस्था उभी राहिली. त्याच वर्षी जानेवारीत सायबर घटनांना उत्तर देणारी सीईआरटी-इन सुरू झाली.

माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला, तोही मुख्यतः ऑनलाइन व्यवहार आणि डिजिटल सहीसाठी. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर महिन्याभरात त्यात मोठी दुरुस्ती मंजूर झाली आणि संदेश अडवण्याचे, उलगडण्याचे व संकेतस्थळे बंद करण्याचे अधिकार वाढले. त्याच दुरुस्तीतून आलेल्या, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला गुन्हा ठरवणाऱ्या ६६-अ कलमाखाली २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने ते कलम २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. त्या दुरुस्तीत ४३-अ नावाचे एक कलमही होते, ज्याने लोकांची संवेदनशील माहिती निष्काळजीपणे हाताळणाऱ्या कंपनीवर भरपाईची जबाबदारी टाकली. सरकारी कचेरी त्या कलमात बसत नव्हती.

सैन्याची वाट या काळात वेगळी होत गेली. २०१० मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी दाखवून दिले की भारतीय संरक्षण खात्याशी संबंधित कागदपत्रे परदेशी हॅकरांच्या हाती गेली आहेत. २०१२ मध्ये विशाखापट्टणमच्या पूर्व नौदल मुख्यालयातील संगणकांत पेन ड्राइव्हमधून घातक प्रणाली शिरल्याच्या बातम्या आल्या. हे संगणक इंटरनेटला जोडलेलेच नव्हते. बाहेरच्या जगाशी तार नसली तरी खिशातली बोटाएवढी वस्तू ते काम करते, हे त्यातून कळले. वायुसेनेने १४ सप्टेंबर २०१० रोजी स्वतःचे ‘एएफनेट’ हे संगणक-जाळे सुरू केले होते; २०१९ मध्ये तिन्ही दलांची मिळून संरक्षण सायबर संस्था झाली; जुलै २०२० मध्ये लष्कराने जवानांना आणि अधिकाऱ्यांना फेसबुक-इन्स्टाग्रामसह ८९ ॲप फोनमधून काढायला सांगितली; आणि २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने विंडोजच्या जागी ‘माया’ ही स्वतःची प्रणाली आणायला घेतल्याच्या बातम्या आल्या. आपल्या जिल्ह्यातून सैन्यात गेलेली मुले सुटीवर आली की घरच्यांना फोटो कुठे टाकू नका म्हणून बजावतात, ते या शिस्तीमुळे. धोका दिसला की जोडणी तोडायची, हा सैन्याचा स्वभाव आहे. नागरी प्रशासनाला तसे करता येत नाही, कारण त्याचे सगळे काम जोडण्यावरच चालते.

सोलापूर अशाच एका जोडणीच्या, देशाच्या वीजजाळ्याच्या, मधोमध आहे, आणि हे शहरात फार कमी जणांना ठाऊक असते. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारतातील वीजजाळे कोसळले आणि कोट्यवधी लोक अंधारात गेले, त्या वेळी केंद्रीय ऊर्जामंत्री होते सोलापूरचेच सुशीलकुमार शिंदे. दक्षिणेचे जाळे तेव्हा बाकी देशाशी एकाच लयीत जोडलेले नव्हते, म्हणून दक्षिण वाचली. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि साऱ्या देशाचे एक जाळे झाले. एवढे मोठे जाळे माणसांच्या हातांनी सांभाळता येत नाही; भारनियंत्रण केंद्रांतले संगणक क्षणाक्षणाला आकडे घेतात आणि त्यावर निर्णय होतात. म्हणून २०१४ मध्ये वीज, बँका, दूरसंचार अशा अत्यावश्यक यंत्रणांच्या संगणक-रक्षणासाठी स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र स्थापन करण्यात आले. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली तेव्हा, सायबर घातपाताची शक्यता आहे असे राज्याच्या गृहमंत्र्यांनी पुढच्या मार्चमध्ये सांगितले, आणि ती मानवी चूक होती असे केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी. अंधारात बसलेल्या माणसाला दोन सरकारांकडून दोन उत्तरे मिळाली.

अशा घटना आधी नाकारण्याची सरकारी सवय १९२३ च्या कायद्याच्या छायेत वाढली आहे, असे माझे मत आहे. कुडनकुलम अणुप्रकल्पाच्या संगणकात घातक प्रणाली सापडल्याचे २९ ऑक्टोबर २०१९ रोजी प्रकल्पाकडून नाकारले गेले आणि दुसऱ्याच दिवशी अणुऊर्जा महामंडळाने ते मान्य केले. बाधित संगणक प्रशासकीय जाळ्यातला होता, अणुभट्टीच्या नियंत्रणाशी त्याचा संबंध नव्हता. हे पहिल्याच दिवशी सांगता आले असते. सीईआरटी-इनने एप्रिल २०२२ मध्ये कंपन्यांना आणि सरकारी संस्थांना सायबर घटना सहा तासांत कळवण्याचे बंधन घातले, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने त्याच संस्थेला माहिती अधिकार कायद्यातून वगळले. महाराष्ट्राने केंद्राच्याही आधी, २००२ मध्ये, स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता, त्यामुळे हे आपल्याला अधिक बोचायला हवे.

लोकांच्या माहितीचा प्रश्न शेवटी ऐरणीवर आणला आधारने. पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात दिले गेले. बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या बुबुळांची नोंद देशभर सुरू झाली तेव्हा तिला कायद्याचा आधार नव्हता; आधारचा कायदा २०१६ मध्ये आला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. मे २०२२ मध्ये आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, असे आधार प्राधिकरणाच्या एका कार्यालयाने पत्रक काढले, आणि लोकांचा गैरसमज होईल म्हणून दोन दिवसांत ते मागे घेण्यात आले. त्याच वर्षी फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने पोलिसांनी घेतलेले ठसे, बुबुळे आणि इतर मापे ७५ वर्षे जतन करण्याची तरतूद केली. सेटलमेंटच्या वस्तीत वाढलेल्या माणसाला हे वाचून काय वाटेल, याचा विचार हा कायदा करताना व्हायला हवा होता.

लोकांच्या माहितीच्या संरक्षणावर न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीचा अहवाल २०१८ मध्ये आला, त्यावरून २०१९ मध्ये विधेयक मांडले गेले, ते २०२२ मध्ये मागे घेतले गेले, आणि अखेर ११ ऑगस्ट २०२३ रोजी डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अधिसूचित झाला. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांवरून कुठल्याही शासकीय संस्थेला त्यातून सूट देण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे ठेवला आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. लोकांची माहिती सांभाळण्याची मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. माहिती अधिकार कायद्यातील ८(१)(ञ) हे कलम बदलून वैयक्तिक माहिती नाकारणे सोपे करणारी तरतूद मात्र नियम आले त्याच दिवसापासून अमलात आली.