जवळच्या माणसांना पंतप्रधान किती कळतो?

२७ जून १९४०. फ्रान्स पडला होता आणि विन्स्टन चर्चिल पंतप्रधान होऊन जेमतेम दीड महिना झाला होता. त्या दिवशी त्यांच्या पत्नीने, क्लेमेंटाइन यांनी, त्यांना पत्र लिहिले. तुमच्याच गोटातला एक निष्ठावान मित्र मला भेटून गेला, खोचक आणि अरेरावीच्या वागण्यामुळे तुम्ही सहकाऱ्यांना व हाताखालच्यांना नकोसे व्हाल अशी भीती आहे, असा त्याचा आशय. हे पत्र त्यांनी आधी एकदा लिहून फाडूनही टाकले होते.

आपल्याला रस आहे तो त्या मित्रात. हे त्याने थेट चर्चिलना का सांगितले नाही? सिडनी रोझेन आणि अब्राहम टेसर या मानसशास्त्रज्ञांनी १९७० साली प्रयोगांतून दाखवले, की वाईट बातमी ज्याच्याबद्दल आहे त्यालाच ती सांगायला माणसे कचरतात. समोर पंतप्रधान असेल, आपले खाते त्याच्या मर्जीवर असेल, तर हा संकोच किती वाढत असेल! म्हणून मंत्रिमंडळातल्या शांततेला संमती समजणे धोक्याचे. मार्गारेट थॅचर साडेअकरा वर्षे पंतप्रधान होत्या. १३ नोव्हेंबर १९९० रोजी जेफ्री हौ यांनी संसदेत त्यांच्यावर टीका करणारे राजीनाम्याचे भाषण केले. हे १९७९ पासूनचे त्यांचे मंत्री, स्वभावाने मवाळ. पाठोपाठ थॅचर यांच्या पक्षनेतेपदालाच आव्हान मिळाले. आठवडाभराने त्या लढतीबद्दल त्यांनी एकेका मंत्र्याला बोलावून विचारले, तेव्हा बहुतेकांचे म्हणणे एकच होते: आमचा पाठिंबा आहे, पण तुम्ही जिंकणार नाही. दुसऱ्या दिवशी, २२ नोव्हेंबरला, त्यांनी पद सोडण्याचे जाहीर केले.

पण माणसे मोकळेपणी बोलली तरी त्यांचे मोजमाप बरोबर असते का? मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० साली लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्यांना दिलेले गुण तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य असे वेगवेगळे रकाने होते. सगळ्या रकान्यांतले गुण संशय यावा इतके एकमेकांशी जुळत होते. एक ठसा आधी उमटतो आणि बाकीचे रकाने त्या ठशाला धरून भरले जातात. ज्याला वक्तृत्व नाही त्याला नेतृत्वही नाही, हा निष्कर्ष असाच निघतो. १९४५ च्या निवडणुकीआधी मजूर पक्षातले वजनदार विचारवंत हॅरोल्ड लास्की यांनी पक्षाचे नेते क्लेमंट ॲटली यांना नेतेपद सोडावे असे पत्राने सुचवले. ॲटलींचे उत्तर एका ओळीचे: पत्र मिळाले, मजकुराची नोंद घेतली. पक्षाने ३९३ जागा जिंकल्या आणि ॲटली पंतप्रधान झाले. या अबोल माणसाला २००४ मध्ये ब्रिटनमधल्या १३९ अभ्यासकांच्या पाहणीत विसाव्या शतकातला सर्वांत यशस्वी पंतप्रधान ठरवण्यात आले.

तरीही जवळच्यांचे मत फेकून देण्यासारखे नाही. मानसशास्त्रज्ञ सिमीन वझीर यांच्या २०१० च्या अभ्यासात असे दिसले, की मनातली धाकधूक ज्याची त्यालाच चांगली कळते, पण बुद्धीचा अंदाज स्वतःपेक्षा मित्रांचा जास्त बरोबर येतो, कारण तिथे आपला अहंकार आड येतो. पंतप्रधानाच्या आत्मचरित्राकडे मी याच कारणाने जरा तिरप्या नजरेने पाहतो.

सहकाऱ्यांच्या आठवणींनाही एक कीड असते, ती निकालाची. बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्या चीन आणि रशिया दौऱ्यांआधी विद्यार्थ्यांकडून काय घडेल याचे अंदाज लिहून घेतले. दौऱ्यांनंतर त्यांना आपलेच जुने अंदाज आठवायला सांगितले, तर जे घडले ते आपल्याला आधीच जास्त शक्य वाटले होते, अशी बऱ्याच जणांची समजूत झालेली. पंतप्रधान पायउतार झाल्यावर ‘मला तेव्हाच कळले होते’ म्हणणारे सगळेच खोटे बोलत नसतात. त्यांना तसेच आठवत असते.

चर्चिल यांचे लष्करप्रमुख ॲलन ब्रुक युद्धकाळात रोजनिशी लिहीत. सप्टेंबर १९४४ च्या एका नोंदीत ते म्हणतात, की एकाच माणसाबद्दल एकाच वेळी इतका आदर आणि इतका तिरस्कार त्यांना कधी वाटला नव्हता. युद्धानंतर त्यांनी जुन्या नोंदींना टिपा जोडल्या आणि बऱ्याच ठिकाणी धार बोथट केली. दोन्ही मजकूर एकाच प्रामाणिक माणसाचे आहेत. मला रोजनिशी जास्त भरवशाची वाटते: ती थकव्यात आणि रागात लिहिलेली असली, तरी पुढे काय होणार हे लिहिणाऱ्याला माहीत नव्हते, आणि एका नोंदीत दोन परस्परविरोधी मते मांडायला तो बिचकलेला नाही.