निरोप घेताना आपला कुत्रा काय ओळखतो?

बोर्डिंगसाठी येणाऱ्या पालकांकरिता माहितीपत्रक

दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत प्राणी आमच्याकडे मुक्कामास ठेवताना बहुतेक पालक आहार, औषधे आणि लसीकरणाचे कार्ड यांविषयी काटेकोर असतात. मात्र पहिल्या दिवशी प्राणी किती लवकर रुळेल, हे पालकांच्या स्वतःच्या मनःस्थितीवरही अवलंबून असते, आणि त्याविषयी आम्हाला सहसा कोणी विचारत नाही.

कुत्रा आपला चेहरा आणि आवाज ओळखतो, हे घरोघरी ठाऊक आहे. त्याच्या नाकाकडे मात्र आपले दुर्लक्ष होते. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही व्यक्तींना ९००० पासून सतरा-सतरा वजा करत मोठ्याने उलटे मोजायला लावले आणि त्याआधीचे व नंतरचे त्यांच्या श्वासाचे व घामाचे नमुने घेतले. प्रशिक्षण दिलेल्या चार कुत्र्यांनी ताण आल्यानंतरचा नमुना सुमारे ९४ टक्के वेळा अचूक निवडला. हा वास कुत्र्याला नुसता कळतो की त्याच्यावर परिणामही करतो, हा प्रश्न ब्रिस्टल विद्यापीठाच्या २०२४ मधील अभ्यासात हाताळला गेला. एका ठिकाणच्या वाडग्यात खाऊ असतो आणि दुसऱ्या ठिकाणचा रिकामा असतो, हे शिकलेल्या कुत्र्यांना अनोळखी पण तणावग्रस्त माणसाचा वास दिल्यावर, रिकाम्या जागेच्या जवळ ठेवलेल्या वाडग्याकडे जाण्यास ती अधिक कचरू लागली. परक्याच्या वासाने एवढे होत असेल, तर रोज उशाशी झोपणाऱ्या माणसाच्या वासाने काय होत असेल, याचा अंदाज आपणच करावा.

म्हणूनच फाटकापाशी पुन्हा पुन्हा मिठी मारणे, रडवेल्या आवाजात समजूत घालणे आणि चार पावले जाऊन परत फिरणे टाळावे, अशी आमची विनंती आहे. त्यामागची माया आम्हाला समजते (आमच्यापैकी काहींचीही स्वतःच्या कुत्र्यांना सोडताना हीच गत होते), पण कुत्र्यापर्यंत माया पोहोचण्याआधी घालमेल पोहोचते. पट्टा आमच्या हाती द्यावा, नेहमीच्या स्वरात नेहमीचेच शब्द बोलावेत आणि निघावे. सोबत आपला न धुतलेला एखादा सदरा ठेवावा. तो बॅगा भरण्याच्या धावपळीत घातलेला नसून निवांत दिवशी वापरलेला असावा, असे आम्ही सुचवतो.

परत नेण्याच्या दिवशीही एक गोष्ट लक्षात असू द्यावी. सतरंजी कुरतडल्याचे आम्ही सांगितले की पालक रागाने पाहतात, कुत्रा कान पाडून नजर चुकवतो आणि ‘बघा, त्याला चूक कळते’ असा निष्कर्ष निघतो. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधील अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये दाखवून दिले की हा ‘अपराधी’ चेहरा कुत्र्याने खरोखर खोडी केली होती की नाही यावर ठरत नाही, तर पालक रागावल्यावर दिसतो. किंबहुना काहीही न केलेली कुत्री रागावल्यावर अधिक अपराधी दिसली. त्यामुळे दोन दिवसांपूर्वीच्या सतरंजीसाठी त्याला आमच्या काउंटरवर बोल लावू नयेत.

मांजरांचे तंत्र निराळे आहे. ती बेचैनी लपून बसून किंवा अन्न सोडून व्यक्त करतात. ससेक्स विद्यापीठाच्या २०२० मधील अभ्यासात, माणसाने डोळे अर्धवट मिटत सावकाश पापण्या हलवल्यावर मांजरांनीही तसाच प्रतिसाद दिला. निरोप घेताना कुरवाळण्यापेक्षा हे करून पाहावे. मात्र मांजराने दिवसभर काहीच खाल्ले नाही, तर आम्ही ते रुसवा समजून सोडून देत नाही. पशुवैद्यांना दाखवतो आणि आपल्याला कळवतो.

ज्यांची गाडी पहाटेची आहे, त्यांनी शक्यतो आदल्या दिवशी दुपारी चारपूर्वी प्राणी आणून सोडावा. त्या जादा रात्रीचे शुल्क आम्ही आकारत नाही.