केसांची मेंदी

मेंदीच्या वाळलेल्या पाल्याची पूड पाण्यात भिजवून केसांवर तिचा लेप देण्याची पद्धत. केस रंगावेत म्हणून ती वापरली जाते, तशीच ते भरदार आणि चमकदार व्हावेत म्हणूनही. केसांना नुसता पोत यावा, रंग येऊ नये, अशी अनेकांची अपेक्षा असते. ती पुरी होणे अवघड, कारण दोन्ही कामांत मुख्य वाटा एकाच द्रव्याचा आहे.

मेंदीचे शास्त्रीय नाव लॉसोनिया इनर्मिस. इनर्मिस म्हणजे बिनकाट्याची. पण हे कोवळ्या झुडपापुरतेच खरे, जुन्या झुडपाच्या फांद्यांची टोके चांगली बोचतात. पानांतल्या रंगद्रव्याला लॉसोन म्हणतात. हिरव्या पानात त्याची पूर्वरूपे साखरेशी जोडलेली असतात. पूड भिजवली की ती हळूहळू सुटतात आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्यांचे लॉसोन बनते. मेंदी काही तास भिजत ठेवायची ती याचसाठी. कोमट पाण्यात हे लवकर घडते, लिंबाच्या रसासारख्या आंबट पाण्यात सावकाश. मात्र उकळते पाणी ओतले तर रंग फिका पडतो.

लॉसोनचा रेणू लहान असतो. तो केसाच्या बाहेरच्या थरांत शिरतो आणि केराटिन या प्रथिनाला रासायनिक बंधाने चिकटतो. बाजारातल्या कंडिशनरचे काम वेगळ्या तऱ्हेने चालते: त्यातले धनभारित घटक केसाच्या झिजलेल्या, ऋणभारित पृष्ठभागावर पातळ थर धरतात, घर्षण कमी करतात आणि पुढच्या धुण्यांत निघून जातात. मेंदीचा परिणाम टिकतो, पण त्याला ‘मऊपणा’ म्हणणे ढिलाईचे आहे. केस जाडसर व वजनदार लागतो, उजेडात चमकतो; हाताला मात्र तो किंचित ताठच लागतो. पातळ, लिबलिबीत केसांना हे मानवते. मुळात राठ असलेले केस मेंदीने आणखी कोरडे वाटू शकतात, म्हणून मेंदी धुतल्यावर तेल लावतात. कुरळ्या केसांची वळणे थोडी सैलावल्याचा अनुभवही बरेच जण सांगतात.

पूड वस्त्रगाळ असावी, नाहीतर काड्या आणि रेती केसांत अडकून धुताना हाल होतात. लेप दह्याइतका दाट करून स्वच्छ, तेल न लावलेल्या केसांवर बट घेऊन लावतात आणि सुकून तडकू नये म्हणून डोके झाकून ठेवतात. नुसत्या पोतासाठी तासभर पुरतो, गडद रंगासाठी दोन ते चार तास लागतात. धुतल्यावर पिकलेले केस भडक नारिंगी दिसतात. घाबरायचे कारण नाही, पुढच्या एकदोन दिवसांत रंग तपकिरीकडे झुकतो. काळ्या केसांवर फक्त उन्हात लालसर झाक जाणवते. पुढच्या खेपेला मुळांपुरतीच मेंदी लावावी, कारण प्रत्येक थराबरोबर टोके गडद होत जातात.

लेपात दही किंवा अंडे घातले की केस मऊ वाटतात, पण त्यांतली प्रथिने लॉसोनला स्वतःकडेच अडकवतात आणि रंग उतरतो. रंग नकोच असलेल्यांना ही युक्ती थोडीफार उपयोगी पडते. लोखंडी कढईत भिजवलेल्या मेंदीला काळपट छटा येते, कारण पाल्यातले टॅनिन लोहाशी संयोग पावते.

बाजारात ‘मेंदी’ या नावाने बरेच काही खपते. रंगहीन मेंदी म्हणून मिळणारी पूड बहुधा सोनामुखीच्या जातीतल्या झुडपाची असते. ‘काळ्या मेंदी’त नीळ असते किंवा पॅराफेनिलिनडायमिन हे रसायन असते. नुसत्या मेंदीने केस काळे होत नाहीत, त्यामुळे तसा दावा दिसला की पाकिटावरचे घटक वाचावेत. या रसायनाने काहींना तीव्र अॅलर्जी होते: त्वचा लाल होते, फोड येतात, चेहरा सुजतो. म्हणून आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून दोन दिवस वाट पाहावी. काही मिश्रणांत धातूंचे क्षार असतात. अशा केसांवर नंतर ब्लीच वापरल्यास केस तापून तुटू शकतात.

शुद्ध मेंदी बहुतेकांना सोसते. जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्यांत मात्र लॉसोन त्वचेतून शोषले जाऊन रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात, आणि लहान बाळांत हा धोका जीवघेणा ठरू शकतो.