कमोडची कळ आणि पुढचा पिच

ताशी दीडशे किलोमीटरने फेकलेला बेसबॉल पिचरच्या, म्हणजे फेकणाऱ्याच्या, हातातून होम प्लेटपर्यंत, म्हणजे बॅटर उभा असतो तिथपर्यंत, जेमतेम ०.४ सेकंदात पोचतो. महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये वेग कमी, पण अंतरही ६० फूट ६ इंचांऐवजी ४३ फूट. म्हणजे बॅटरची गत तीच. एवढ्यात विचार करायचा कधी?

मानसशास्त्राने यात पहिल्यांदा हात घातला, तो पोळलाच. १९३८ साली शिकागो कब्ज या बेसबॉल संघाचे मालक फिलिप रिग्ली यांनी इलिनॉय विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ कोलमन ग्रिफिथ यांना नेमलं. ग्रिफिथ कॅमेरा घेऊन आले, खेळाडूंचं चित्रण केलं, अहवाल मालकाकडे धाडले. सरावातली बॅटिंग सामन्यासारखी हवी, हे त्यांचं म्हणणं आजही पटतं. पण वही घेऊन बसलेला प्राध्यापक मालकाचा माणूस म्हटल्यावर त्याच्यापाशी मन कोण मोकळं करणार? मॅनेजर चार्ली ग्रिम यांनी त्यांना जुमानलंच नाही आणि दोनेक वर्षांत प्रयोग गुंडाळला गेला. १९५० मध्ये सेंट लुइस ब्राउन्स या संघाने तर संमोहनवाला आणला. संघ हरतच राहिला.

डोक्याचं खरं काम तोवर एक हट्टी बॅटर स्वतःच करत होता. १९४१ मध्ये .४०६ ची सरासरी (म्हणजे हजार संधींत ४०६ यशस्वी फटके) काढणाऱ्या टेड विल्यम्सने पुढे १९७० च्या आपल्या पुस्तकात स्ट्राइक झोन, म्हणजे प्लेटवरची बॅटरच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतची चौकट, ७७ चेंडूंनी भरून दाखवला आणि कुठल्या जागी आपली सरासरी किती पडेल तेही लिहिलं: मधोमध .४००, बाहेरच्या खालच्या कोपऱ्यात .२३०. म्हणजे कुठला चेंडू मारायचा हे प्लेटवर उभं राहण्याआधीच ठरलेलं. आपल्याकडे ऑफस्टंपबाहेरचा चेंडू सोडण्याचं कौतुक होतं, पण तिथे झोनमधला चेंडू सोडला की स्ट्राइक पडतो, आणि तसे तीन झाले की बाद. तरीही दोन स्ट्राइक पडेपर्यंत तो कोपरा सोडून द्यायचा, ही छाती विल्यम्सची.

पण उत्तम बॅटरही दहापैकी सातदा बाद होतो. त्या सातांचं काय करायचं, हा प्रश्न उरलाच होता. १९८४ पासून ओकलंड संघाबरोबर मानसिक तयारीचं काम करणारे हार्वे डॉर्फमन मूळचे शाळामास्तर. ते खेळाडूंच्यात बसून, प्रसंगी चार शिव्या हासडून बोलत. ग्रिफिथना जे जमलं नाही ते त्यांना इथेच जमलं असं मला वाटतं.

कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन विद्यापीठाचे क्रीडा मानसशास्त्रज्ञ केन रविझा यांनी तर सगळं दोन पिचेसच्या मधल्या वेळात बसवलं. बॉक्समधून (बॅटरच्या आखलेल्या जागेतून) बाहेर ये, एक खोल श्वास घे, ठरवलेल्या एका खुणेकडे बघ, मग आत जा. टॅम्पा बे संघाचा इव्हान लाँगोरिया डावीकडच्या फाउल पोलकडे, म्हणजे मैदानाच्या हद्दीवरच्या खांबाकडे, बघायचा, ती सवय रविझांचीच. २००४ मध्ये फुलर्टनचा संघ १५ सामने जिंकून १६ हरला होता. रविझांनी डगआउटमध्ये (खेळाडूंच्या बसायच्या जागेत) खेळण्यातलं छोटं कमोड आणून ठेवलं. स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकनी बाद) होऊन आलेल्या पोराने त्याची कळ दाबायची, झालं गेलं वाहून गेलं म्हणायचं आणि जागेवर बसायचं. त्याच मोसमात संघाने कॉलेज वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन कॉलेज बेसबॉलचं अजिंक्यपद, जिंकली.