वीस नख्या आणि तेवीस जाती

आमच्या नाशिकच्या गंगापूर रोडच्या सोसायटीत लिफ्टशेजारी एक कागद चिकटवलाय. 'खालील हिंस्र जातींचे श्वान पाळण्यास सक्त मनाई आहे.' खाली तेवीस नावं. पिटबुल, रॉटवायलर, टोसा इनू, कंगल... टाइप करणाऱ्याने 'केन कोर्सो'चं 'केन कोर्स' केलंय, म्हणजे एखाद्या क्लासची जाहिरात वाटावी. गंमत अशी की यातलं एकही कुत्रं आमच्याकडे नाही. आहेत ते दोन लॅब्रॅडॉर, एक पामेरियन, गेटवरची दोन गावठी (सगळ्यांची, म्हणजे कुणाचीच नाहीत) आणि तिसऱ्या मजल्यावरचा डॅशंड, बंटी. बंटीला गेल्या दिवाळीपासून मागचे पाय नाहीत. म्हणजे आहेत, पण नसल्यासारखे. काका रोज सकाळी त्याच्या पोटाखालून जुना टॉवेल घालतात, मागचा भाग उचलून धरतात आणि दोघं असे त्या कागदाशेजारी लिफ्टची वाट बघत उभे राहतात.

या कागदाचा उगम १२ मार्च २०२४ चा. केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र धाडलं : या तेवीस जाती आणि त्यांचे संकर यांची आयात, पैदास, विक्री बंद करा, आधीच घरी असलेल्यांची नसबंदी करा. कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात, एप्रिल २०२४ मध्ये, ते परिपत्रक रद्द केलं; ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचं म्हणणंच ऐकून घेतलेलं नाही, हा त्यातला मुख्य मुद्दा. पण यादी एकदा व्हॉट्सअ‍ॅपवर गेली की न्यायालयाच्या हातात काय राहतं? ती आमच्या लिफ्टपाशी अजून जिवंत आहे.

ती वाचताना मला दर वेळी आजोबा आठवतात. आजोळ निफाडकडचं, द्राक्षाची बाग, रात्री राखणीला कुत्रं. पिल्लू आणलं की आजोबा त्याला उताणं करून आधी नख्या मोजायचे. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार, म्हणजे अठरा. पण एखाद्याच्या मागच्या पायांना आतल्या बाजूने एकेक जादा नखी लोंबत असते. तो 'वीसनखी'. वीसनखी बिबट्यालासुद्धा मागे हटत नाही, अशी पक्की समजूत, आणि अशा पिल्लाला भावही जास्त.

ही जादा नखी येते कुठून, ते आता चांगलं माहीत आहे. गर्भात पाय घडत असताना बोटं किती आणि कुठे, हे ठरवणारं एक जनुक आहे. त्याचं नाव 'सॉनिक हेजहॉग'. हो, व्हिडिओ गेममधल्या त्या निळ्या प्राण्यावरूनच ठेवलंय, शास्त्रज्ञांनाही घरी मुलं असतात. हे जनुक शरीरात ठिकठिकाणी काम करतं, पण पायात ते कधी आणि कुठे चालू करायचं याचं बटण वेगळं, जनुकापासून बरंच लांब बसवलेलं. त्या बटणात डीएनएचं एखादं अक्षर बदललं की एक बोट जादा उगवतं. ते बटण पायापुरतंच. मेंदूत, जबड्यात, धाडसात त्याचा हात नाही. बिबट्याने किती वीसनखी नेले याचा हिशोब आजोबांनी कधी ठेवला नाही, हेही सांगायला हवं.

आता आजोबांना हसणं सोपं आहे. पण नख्या मोजून स्वभाव सांगणं आणि जातीचं नाव वाचून स्वभाव सांगणं यांत फरक किती? २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून स्वभावाच्या प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांचा डीएनए वाचला. कुत्र्याकुत्र्यांमध्ये वागण्याचा जो फरक दिसतो, त्यातला जातीने समजावता येणारा वाटा निघाला साधारण ९ टक्के. सांगितलेलं ऐकण्याच्या गुणात जातीचा हात त्यातल्या त्यात जास्त दिसला. पण घाबरवणारं, नकोसं काही घडलं तर कुत्रं किती पटकन अंगावर येईल, म्हणजे लिफ्टजवळच्या कागदाला ज्याची भीती आहे नेमकं तेच, त्याबद्दल जात जवळजवळ काहीच सांगत नव्हती. स्वभाव आनुवंशिक नसतो असा याचा अर्थ नाही. अनेक गुण बऱ्यापैकी आनुवंशिक निघाले. फक्त ते जातीच्या कुंपणात राहत नाहीत. (हल्ली थुंकीच्या चाचणीवरून 'तुमच्या श्वानाचं व्यक्तिमत्त्व ओळखा' असं विकणारे आहेत. ते आजोबांपेक्षा महाग, एवढाच फरक.)

कारण उघड आहे. रूप थोड्या, पण जबर जनुकांच्या हाती असतं. केस आखूड की लांब, सरळ की कुरळे, तोंडावर मिशा-दाढी आहे की नाही, ही बहुतेक जातींमधली सगळी विविधता तीन जनुकांत बसते. माणसाने गेली दीड-दोनशे वर्षं पैदास केली ती मुख्यतः रूपावर, प्रदर्शनात फिती मिळवण्यासाठी. स्वभावाला मात्र शेकडो जनुकं हात लावतात, प्रत्येक थोडाथोडा, आणि वर पिल्लूपण कसं गेलं ते. मोठ्या जबड्याचा चावा पामेरियनच्या चाव्यापेक्षा भयानक असतो, हे मला मान्यच आहे. पण तो मुद्दा ताकदीचा आहे. त्यासाठी पट्टा, मुसक्या आणि मालक यांच्याकडे बघावं लागतं.

थोडक्यात, जातीवरून स्वभाव फारसा कळत नाही, शरीर मात्र फार कळतं. आणि इथे मला बंटीकडे यायचंय.

एका बुधवारी सकाळी सोफ्यावरून उतरताना तो एकदाच केकाटला. संध्याकाळी मागचा भाग फरशीवरून ओढत चालत होता. वय साडेपाच. डॉक्टरबाईंनी मागच्या पंजाचं बोट चिमट्यात घट्ट दाबलं. कुत्र्याने अशा वेळी वळून बघायला हवं, गुरगुरायला हवं. बंटी समोरच्या बिस्किटांच्या डब्याकडे बघत राहिला. मणक्यातली गादी फुटली होती.

'सोफ्यावर चढू दिलं म्हणून', असं काका अजून स्वतःला बोल लावतात. सोफा निमित्त आहे. गोष्ट जुनी आहे आणि मला विचाराल तर अख्ख्या जनुकशास्त्रात याहून सुरस गोष्ट सापडायची नाही. बारावीला जीवशास्त्र सोडलेल्यांनी जरा हात धरून चालावं.

आजीच्या पाककृतींची जाड वही डोळ्यांसमोर आणा. गोड्या मसाल्याची कृती चार पानांवर पसरलेली, मध्ये कुठे दुधाचा हिशेब, कुठे गॅसवाल्याचा नंबर. स्वयंपाकघरात कुणी वही नेत नाही. एका चिठ्ठीवर कृती उतरवतात, हिशेब आणि नंबर गाळून. मसाला झाला की चिठ्ठी कचऱ्यात. पेशीतही हेच चालतं. वही म्हणजे डीएनए, चिठ्ठी म्हणजे आरएनए, मसाला म्हणजे प्रथिन, आणि गाळलेला दुधाचा हिशेब म्हणजे इंट्रॉन. प्रवाह एकाच दिशेने, वहीकडून चिठ्ठीकडे.

पण आपल्या सगळ्यांच्या जीनोममध्ये, म्हणजे या अख्ख्या वहीत, काही उचापती तुकडे राहतात. ते एक विकर तयार करतात, रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज. हे उलटं चालतं : चिठ्ठी वाचून तिच्यावरून पुन्हा वहीचं पान बनवतं आणि वहीत कुठेही डकवून देतं. एरवी हे तुकडे स्वतःच्याच नकला करतात. क्वचित त्यांच्या हाती दुसऱ्याची चिठ्ठी लागते. कुत्र्यांच्या कुठल्या तरी पूर्वजात 'एफजीएफ४' नावाच्या जनुकाची चिठ्ठी अशी लागली आणि १८व्या गुणसूत्रावर, मूळ जनुकापासून दूर, तिची दुसरी प्रत चिकटली. ही नक्कल आहे हे कशावरून ओळखलं? दुधाच्या हिशेबावरून! मूळ जनुकात इंट्रॉन आहेत, नकलेत ते नाहीत. अशा प्रतीला रेट्रोजीन म्हणतात. २००९ मध्ये हे उघडकीला आलं, आणि डॅशंड, कॉर्गी, बॅसेट अशा ठेंगण्या पायांच्या जातींचं कोडं सुटलं असं वाटलं.

पण ठेंगण्या जातींमध्ये मणक्याचं दुखणं या प्रतीशी जुळेना. ही प्रत असलेल्या सगळ्यांची पाठ जात नव्हती, आणि बीगलसारख्या, ही प्रत नसलेल्यांची जात होती. उत्तर मिळालं २०१७ मध्ये, डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांना. हाच अपघात दुसऱ्यांदाही झाला होता! त्याच एफजीएफ४ची आणखी एक नक्कल, या वेळी १२व्या गुणसूत्रावर.

एफजीएफ४ हे वाढीच्या सूचना देणारं प्रथिन. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची वाढपट्टी असते, तिथल्या पेशी वाढत जातात आणि हाड लांबतं. जादा प्रतींमुळे हे प्रथिन नको तिथे, नको तेव्हा बनतं आणि वाढपट्टी लवकर आटोपतं घेते. पाय आखूड. इथवर दोन्ही प्रतींची करामत सारखीच. १२व्या गुणसूत्रावरची प्रत आणखी एक करते. मणक्यातली गादी म्हणजे बाहेर तंतूंचं कडं आणि आत जेलीसारखा गर. लॅब्रॅडॉरमध्ये हा गर वर्षानुवर्षं ओला आणि लवचिक राहतो. ही प्रत असलेल्या पिल्लात वर्ष पुरं व्हायच्या आतच गरातल्या पेशी कूर्चेसारख्या होऊ लागतात, पाणी धरून ठेवणं सुटतं, मग कॅल्शियम साचतं. एक्स-रेमध्ये गादीच्या जागी पांढरा ठिपका दिसतो. असा सुकलेला, खडबडीत गर एखाद्या बुधवारी कडं फोडून मज्जारज्जूवर आदळतो. डॅशंडमध्ये पाचातल्या एकाला तरी आयुष्यात कधीतरी हा त्रास होतो. १२व्या गुणसूत्रावरची एकच प्रत आईकडून किंवा बापाकडून आली तरी धोका वाढतो. डॅशंडमध्ये बहुधा दोन्हींकडून येते.

म्हणजे 'निरोगी जनुकाचे डॅशंड निवडून त्यांचीच पैदास करा' हा सरळ सल्ला इथे चालत नाही, कारण निवडायला तसे डॅशंडच जवळपास नाहीत. वेस्टीसारख्या टेरियर जातींत मुख्यतः १८ वाली प्रत आहे, पाय आखूड आणि पाठ बरी, म्हणजे तत्त्वतः हे जमतं. पण त्यासाठी बाहेरचं रक्त आणावं लागेल, आणि वंशावळीच्या वह्या बाहेरच्यांना बंद. डेन्मार्क, फिनलंडकडे वेगळी वाट काढलीय : जोडी लावण्याआधी, दोन-चार वर्षांच्या वयात, पाठीचा एक्स-रे काढून पांढरे ठिपके मोजायचे आणि जास्त ठिपकेवाल्यांना पैदाशीतून वगळायचं. मला हे फार आवडतं. नख्यांऐवजी ठिपके मोजतात, पण जे मोजतात त्याचा रोगाशी संबंध असतो.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. २०१७ चे श्वान पैदास आणि विक्री नियम आहेत. ब्रीडरने राज्य पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, मादी किमान दीड वर्षाची हवी, वर्षाला एकापेक्षा जास्त वेत नाही, आयुष्यात पाचापेक्षा जास्त नाहीत, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, मायक्रोचिप लावायची. यातल्या आठ आठवड्यांच्या अटीमागे स्वभावाचं खरं विज्ञान आहे. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्यापर्यंत पिल्लू जग ओळखायला शिकतं. भावंडांशी मस्ती करताना जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ मोडतो. चावा किती दाबायचा ते असं कळतं. पंचविसाव्या दिवशी आईपासून तोडलेल्या पिल्लाचा हा तास बुडतो, मग ते कुठल्याही जातीचं असो. बंटी आला तेव्हा बत्तीस दिवसांचा होता. पुठ्ठ्याच्या खोक्यात, रात्रीच्या खासगी बसने, द्वारका चौकात काकांनी उतरवून घेतला. ब्रीडरचा फोन त्यानंतर लागला नाही.

चाव्यासाठीही कायदा आहे. आपल्या ताब्यातल्या जनावराबाबत निष्काळजी राहून कुणाला धोका पोचवला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यात जातीचा उल्लेख नाही, मालकाच्या वागण्याचा आहे. उलट प्राण्यावर क्रूरतेबद्दल १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. पन्नासात हल्ली मिसळसुद्धा येत नाही. सोसायट्यांबाबत म्हणाल तर भारतीय पशु कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. पट्टा लावा, घाण उचला, लस टोचा, एवढं मागता येतं आणि ते मागायलाच हवं.

नेदरलँड्सने १९९३ मध्ये पिटबुलवर बंदी घातली आणि २००८ मध्ये उठवली, चावे काही कमी होईनात म्हणून. आता तिथे नियम थोबाडाला आहेत : फार चपट्या नाकाच्या कुत्र्यांची पैदास करता येत नाही, कारण त्यांना नीट श्वास घेता येत नाही. पगवाल्यांनी रात्री त्याचं घोरणं एकदा लक्ष देऊन ऐकावं.

हे सगळं मी गेल्या रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगितलं. रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेजपाशी निम्मे लोक चहाकडे वळले, ते अपेक्षित होतं. कागद काढायचा की नाही हे पुढच्या मीटिंगवर गेलं. जिना उतरताना सेक्रेटरींनी मला बाजूला घेतलं आणि मोबाइल पुढे केला. स्क्रीनवर बीगलचं पिल्लू, कान जमिनीला टेकलेले.

"यादीत नाहीये ना हे? नातवासाठी घेतोय. अ‍ॅडव्हान्स दिलाय, शनिवारी येतंय."

"किती दिवसांचं आहे?"

"तीस की पस्तीस म्हणाला. लहान असतानाच आणलं की लळा लागतो, नाही का?"