प्रकाशाचा द्राविडी प्राणायाम

त्रिपुराची राजधानी आगरतळा सीमेला अगदी खेटून आहे. बाजारातून रिक्षा केली की थोड्याच वेळात अखौऱ्याचं चेकपोस्ट येतं, पलीकडे बांगलादेश. तिथून सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटर दक्षिणेला कॉक्स बाजारचा समुद्र. सिंगापूरहून फ्रान्सला जाणारी ‘सी-मी-वी 4’ ही समुद्री केबल 2006 पासून याच किनाऱ्याला जोडलेली आहे. तीच केबल पुढे चेन्नईला आणि आपल्या मुंबईलाही लागते.

पण आगरतळ्याच्या इंटरनेटला 2016 पर्यंत या शेजारच्या समुद्राचा काही उपयोग नव्हता. परदेशातलं एखादं पान उघडायचं तर मागणी आधी उत्तरेला आसामच्या डोंगरांत जायची, तिथून सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्ट्यातून कोलकात्याकडे, आणि मग चेन्नईला किंवा मुंबईला. रस्त्याच्या हिशेबाने चेन्नईपर्यंत तीन हजार किलोमीटरच्या वर. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच, आणि तोही थेट द्रविड देशापर्यंत!

आता गंमत अशी, की एवढ्या वळशाने वेळ फारसा जात नाही. काचेत प्रकाशाचा वेग पोकळीतल्या वेगाच्या दोन तृतीयांश, म्हणजे सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर असतो. तीन हजार किलोमीटर जाऊन परत यायला 30 मिलिसेकंद लागले. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. खरं दुखणं होतं ते एकाच वाटेवर सगळी भिस्त असण्याचं.

फायबर म्हणजे केसाएवढा काचेचा धागा. तो असतो रस्त्याकडेला पुरलेला. पावसाळ्यात दरड कोसळली किंवा रुंदीकरणाच्या कामात जेसीबीचा दात लागला, की तुटला. तो कुठे तुटला हे शोधायची युक्ती मात्र झकास आहे. ओटीडीआर नावाचं यंत्र धाग्यात प्रकाशाचा एक ठोका सोडतं आणि तुटल्या टोकावरून त्याचा परतलेला अंश टिपतं. विहिरीत हाक मारून प्रतिध्वनीवरून खोली ओळखावी, तसंच. ठोका एक मिलिसेकंदाने परत आला, तर प्रकाश 200 किलोमीटर चालला, म्हणजे तुटलेली जागा 100 किलोमीटरवर. मग माणसं गाडी काढतात, चिखलातून टोकं वर घेतात, पुसून समोरासमोर धरतात आणि विजेच्या ठिणगीने वितळवून सांधतात. सांधायला काही मिनिटं पुरतात. तिथवर पोचायला, तेही दरडीच्या रस्त्याने, किती वेळ जाईल याचा नेम नाही.

यावर उपाय एकच, दुसरी वाट. समजा, एक वाट शंभरातले दोन दिवस बंद पडते. तशाच दुसऱ्या, स्वतंत्र वाटेची जोड मिळाली, तर दोन्ही एकदम बंद असण्याची वेळ दहा हजारांत चार दिवस येईल. अट एवढीच, की दोन्ही वाटा एकाच डोंगराखालून जाता कामा नयेत. आगरतळ्याला अशी स्वतंत्र वाट मिळणार होती ती सीमेपलीकडूनच.

जून 2015 मध्ये बीएसएनएल आणि बांगलादेशची सरकारी समुद्री केबल कंपनी यांच्यात करार झाला. 23 मार्च 2016 रोजी कॉक्स बाजारचं इंटरनेट अखौऱ्यावरून आगरतळ्यात आलं. मुंबई आणि चेन्नईनंतरचं हे देशाचं तिसरं आंतरराष्ट्रीय प्रवेशद्वार असल्याचा तेव्हा मोठा गाजावाजा झाला. क्षमता होती सेकंदाला 10 गिगाबिट. एका चांगल्या व्हिडिओला 5 मेगाबिट धरले, तर एका वेळी दोन हजार जणांना पुरेल इतकी. 2011 च्या जनगणनेत साडेछत्तीस लाखांच्या वर लोकसंख्या असलेल्या राज्याला ही तशी चिमूटभरच, पण सुरुवात झाली.

सीमेवर चर खणून धागा टाकणं हे त्यातलं सोपं काम. परवाना कुणाचा, दर कोण ठरवणार, कायदेशीर पाळत कुठे ठेवायची, पलीकडे केबल तुटली तर कुणाला फोन करायचा, हे प्रश्न नियामकांच्या टेबलावर सुटतात. त्यासाठी दक्षिण आशियातल्या दूरसंचार नियामकांची परिषद 1997 पासून आहे. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका, मालदीव, अफगाणिस्तान आणि इराण असे तिचे नऊ सदस्य. परिषद हुकूम सोडत नाही, शिफारशी करते. बाकीच्या व्यासपीठांवर एकमेकांकडे पाठ फिरवणारे देश इथे फ्रिक्वेन्सीच्या तक्त्यांवर डोकी एकत्र घालतात, हे मला तरी थोडकं वाटत नाही.

कारण रेडिओलहरींना तारेचं कुंपण दिसत नाही. सीमेजवळच्या गावात मोबाइल पलीकडचं नेटवर्क पकडतो, तो याच कारणाने. दोन्ही बाजूंच्या टॉवरांनी एकच फ्रिक्वेन्सी वापरली, तर दोघांचीही बोलणी बिघडतात. मग टॉवरची ताकद किती, अँटेना किती खाली झुकवायचा, हे बोलून ठरवावं लागतं.

भूतानची अडचण त्रिपुरासारखीच, बाहेर जायचं तर सिलिगुडी. नेपाळही बराच काळ भारतावर अवलंबून होता. जानेवारी 2018 मध्ये त्याने रसुवागढीवरून चीनच्या बाजूची दुसरी वाट उघडली.

आणि आगरतळा? अखौऱ्यावरूनच ईशान्य भारताला सिंगापूरशी जोडणारी आणखी मोठी वाट बांगलादेशातल्या कंपन्यांनी मांडली होती. 2024 च्या अखेरीस तिथल्या नियामकाने ती बाजूला ठेवली. आपला देश नुसता जाण्यायेण्याचा बोळ होईल आणि केंद्र होण्याची संधी शेजाऱ्याकडे जाईल, ही त्यामागची धास्ती. ढाक्यातून पाहिलं तर ती अगदीच बिनबुडाची नाही. त्या जादा वाहतुकीला तूर्त तरी सिलिगुडीवरूनच जावं लागणार.